शेवटचा नंबर

या जगात कोणीही कोणासाठी काहीही करत नाही, हे सिद्ध करण्याच्या नादात तुमच्या आजोबांच्या मामेभावानं लोकांची जेवढी कामं केली, तेवढी जुन्नरमधल्या सगळ्या परोपकारी मंडळींनी मिळूनसुद्धा केली नसतील. आणि त्यांतल्या एकाही कामाबद्दल त्यांनी कोणाला सुखानं आभार मानू दिले नाहीत. मी या गृहस्थांना लग्न झाल्यापासून भाऊजी म्हणते आहे आणि लग्न झाल्यापासूनच त्यांच्यावर चिडलेली आहे. ते पुण्यात शिकवत होते तेव्हा सुट्टीपुरतेच यायचे, तेवढी वर्षं माझं डोकं जरा शांत होतं.

परवा फोनवर थोरलीनं विचारलं, की आजी, आमच्या अभ्यासात रॅशनल चॉइस नावाचा भाग आहे, माणूस नेहमी आपल्या फायद्याचं तेच निवडतो म्हणे, मग चांगलं-वाईट असं काही उरतं का? धाकट्यानं मागून ओरडून सांगितलं, की उरत नाही, म्हणूनच ताई माझा चार्जर वापरते. मुलांनो, फोनवर मी 'नंतर सांगते' म्हटलं, कारण तेव्हा माझी औषधाची वेळ झाली होती. ते आता लिहून सांगते आहे. हा विषय मी पुस्तकातून शिकलेली नाही. तो गेली कित्येक वर्षं रोज सकाळी साडेसातला माझ्या ओट्यावर येऊन बसतो आणि चहात साखर कमी आहे म्हणतो.

भाऊजी अर्थशास्त्राचे प्राध्यापक. पुण्यात शिकवलं, निवृत्त झाल्यावर जुन्नरला आमच्या मागच्याच गल्लीत दोन खोल्या घेतल्या. लग्न केलं नाही, का म्हणून विचारलं तर म्हणतात, "माहिती अपुरी होती, वहिनी." त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की माणूस समोरच्या प्रत्येक पर्यायाला मनात दहापैकी गुण देतो आणि ज्याला जास्त गुण पडतील तिकडे वळतो. बाकी सगळी वरची सजावट. "आणि नीती?" असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी नवी सून होते आणि माझ्या हातात पोह्यांची बशी होती. ते म्हणाले, "नीती म्हणजे लांबच्या मुदतीचा फायदा. वाईट वागणं पुढे महाग पडतं, एवढं कळलं की माणूस चांगला होतो." मग पोह्यांचा घास घेतला आणि म्हणाले, "सहा." मला वाटलं अजून सहा घास हवेत. ते गुण होते. मी शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई. वाक्याला कर्ता लागतो आणि माणसाला लाज लागते, एवढंच माझं तत्त्वज्ञान. आणि मी कुणाला दहापैकी सहा दिले तर त्याखाली शेरा लिहून देते. यांचा शेरा कधीच नसे.

हे गुण देणं त्यांच्यापुरतं राहिलं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण त्यांच्याबरोबर कुठे जायचं म्हणजे आपण त्यांच्या गणितातला एक आकडा होऊन जायचं. एकदा राजुरीला नात्यातलं लग्न होतं. मी नेहमीप्रमाणे वेळ लिहून, आहेर बांधून, पिशवीवर नाव घालून एसटी स्टँडवर तयार. पहिली गाडी आली. भाऊजींनी खिडकीतून आत पाहिलं आणि म्हणाले, "ऊन आपल्या बाजूला येणार. चार गुण. पुढची घेऊ." पुढची आली तर तिच्यात मागची सीट. तिसरीत सीट चांगली होती पण शेजारी कोंबड्यांची पाटी होती. चौथी गाडी आली तेव्हा मी त्यांना न विचारता चढले. आम्ही पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि मांडवात लोक हात धूत होते. मी रडकुंडीला आले होते. भाऊजी शांतपणे म्हणाले, "अक्षता चुकल्या हा तोटा. पण पुढाऱ्यांची आशीर्वादाची भाषणं चुकली हा फायदा. गोळाबेरीज आपल्या बाजूनं आहे." दुर्दैवानं ती होतीही. म्हणूनच तर राग येतो.

पण गुणांपेक्षाही वाईट म्हणजे त्यांचा प्रश्न. कोणीही काहीही करताना दिसलं की हे तिथे थांबणार, मान किंचित तिरकी करणार आणि विचारणार, "पण यात तुम्हाला काय मिळतं?" गल्लीतल्या कुत्र्यांना भाकरी घालणाऱ्या शेजारणीला विचारलं. देवळात रोज आरतीला घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं. त्यानं दुसऱ्या दिवसापासून भाऊजींना पाहिलं की घंटा दुप्पट जोरात वाजवायला सुरुवात केली. आठवडे बाजारात एका भाजीवालीनं त्यांना मूठभर मेथी वर घातली, तर यांनी तिथेच उभं राहून चौकशी मांडली, की मी परत येईन म्हणून घातलीस, का बाकीच्यांनी पाहावं म्हणून घातलीस? ती म्हणाली, "बाबा, घ्यायची तं घ्या, न्हाई तं जुड्यांची सावली सोडा. जुडी सुकाया लागली." भाऊजी खूश. वाटेत मला म्हणाले, "पाहिलंत? सावलीची किंमत तिला बरोबर कळते."

आता एक गोष्ट अशी सांगते, की ती सांगताना अजूनही माझा हात थांबतो. तुमचे आजोबा चौदा महिने अंथरुणावर होते. उजवी बाजू गेलेली, बोलणं अडखळत. त्या चौदा महिन्यांत भाऊजी रोज सकाळी साडेसातला यायचे, पाणी कोमट करून घ्यायचे आणि त्यांची दाढी करायचे. आजोबांना खुंट वाढलेले अजिबात चालत नसत, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. जबड्याखालची ती अवघड जागा, जिथे कातडी सैल पडलेली असते, तिथे ते दोन बोटांनी कातडी ताणून असा वस्तरा फिरवायचे, की एक केस मागे राहत नसे. एक दिवस चुकला नाही. आणि मी एकदा, एकदाच, दाराशी म्हटलं, "भाऊजी, तुमचे उपकार—" तर हे गृहस्थ चक्क रागावले. "उपकार कसले? म्हातारपणी हात कापतो, त्याला रोजचा व्यायाम लागतो. स्वतःच्या दाढीवर तो प्रयोग कोण करील? शिवाय तुमच्याकडचा चहा माझ्यापेक्षा बरा होतो." मी दार लावून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन दोन भांडी उगाच आपटली. माणसानं एखादं चांगलं काम करावं आणि ते आपल्या ओंजळीत घालायच्या आधीच हिसकावून घ्यावं, याला काय म्हणायचं?

त्याच चौदा महिन्यांत हिराबाई आमच्याकडे राहायला होती. हिराबाई आंबेगावच्या पश्चिमेकडची, घोडेगावहून एसटीनं डोंगरात जावं लागतं तिथली. नवरा गेलेला, घरी सासू आणि शाळेतली मुलगी. आजोबांना उचलणं, कूस बदलणं, सगळं तिनं केलं. आजोबा गेल्यावर ती म्हणाली, "बाई, आता मी घरी जाते. दिरानं डोंगराची येक पट्टी दिलीया. तिथं भाताचं खाचर व्हईल. खाचर झालं म्हंजी मला पोरीला सोडून दुसऱ्याच्या घरी ऱ्हावं लागनार न्हाई." तिच्या आयुष्यात तिनं मागितलेली ही एवढी एकच गोष्ट.

डोंगराच्या उतारावर खाचर काही आपोआप होत नाही. उतार खणायचा, खालच्या अंगाला दगडांचा बांध रचायचा, त्यामागे माती भरून जमीन सपाट करायची, म्हणजे पाणी थांबतं आणि भात येतो. एका घराचं हे काम नव्हे. म्हणून तिकडे पडकई करतात. सात-आठ घरं एकत्र येतात, उन्हाळ्यात सगळी मिळून आधी एकाचं खाचर करतात, मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. मजुरी नाही. ज्याचं रान त्यानं त्या दिवशी सगळ्यांना जेवण घालायचं, बस. हिराबाईच्या गटात सात घरं होती आणि तिचा नंबर सातवा.

तिनं आम्हाला पाहायला बोलावलं. मी गेले, आणि माझी चूक अशी, की भाऊजींना बरोबर नेलं. तेव्हा चौथ्या घराचं काम चाललं होतं. वीसेक माणसं उतारावर; बाया पाट्या भरून माती वर नेताहेत, पुरुष पहारीनं दगड उलथताहेत, कोणीतरी मोठ्यानं काहीतरी बोलतंय आणि बाकी सगळी हसताहेत. भाऊजी बांधावर उभे राहिले आणि जे त्यांनी जन्मभर वर्गात 'असं होऊ शकत नाही' म्हणून शिकवलं होतं, ते डोळ्यांसमोर होत असलेलं पाहत राहिले. त्यांचा चेहरा, कोणीतरी आपल्या घरात न विचारता शिरलेलं पाहावं, तसा झाला होता.

जेवायला सगळी हिरड्याच्या झाडाखाली बसली तेव्हा त्यांनी गाठलं किसनला. किसन म्हणजे ज्याचं खाचर सगळ्यात आधी झालं तो. तिशीतला, अंगानं सडपातळ, जरा बावरल्यासारखा दिसणारा.

"किसन, तुझं खाचर झालं ना?"

"झालं की. पयलंच झालं."

"मग आज का आलास?"

किसन हसला. "आमचं झालं, आता ह्यांचं. असंच अस्तंय, सर."

"ते कळलं. पण समज, तू उद्यापासून आला नाहीस. तुझा बांध कोणी पाडणार आहे का?"

"न्हाई. कोन कशाला पाडंल?"

"मग तुझा तोटा काय?"

"तोटा..." किसननं हातातली भाकरी खाली ठेवली. "तोटा तसा काय न्हाई."

मी भाऊजींच्या पाठीला कोपरानं ढोसलं. त्यांना ते कळलं नाही, किंवा कळून त्यांनी त्याला कमी गुण दिले. ते हिराबाईकडे वळले. "आणि तुला शेवटचा नंबर का दिला, ठाऊक आहे? तू एकटी. तुझ्या घरात दांडगा माणूस नाही. ज्याचं चालत नाही त्याला शेवटी ढकलतात." हिराबाई नुसती हसली आणि त्यांच्या पानात आणखी भात वाढला. तो भात त्यांनी खाल्ला. त्याला आठ दिले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी हिराबाईचा फोन आला. त्यांच्या वाडीत रेंज नाही. टेकडीवरच्या एका खडकावर चढून बोलावं लागतं, त्यामुळे ती फोन करते तेव्हा काहीतरी झालेलंच असतं. किसन पडकईला येईनासा झाला होता. खाली बागायतीकडे टोमॅटोच्या तोडणीला रोजावर गेला होता. त्याचं पाहून दुसऱ्या नंबरचं घरही थांबलं. तिसरं आज येतं, उद्या नाही. हिराबाईच्या उतारावर काम सुरू झालं होतं, पण हात अर्धेच. माती मोकळी करून ठेवलेली, बांध गुडघ्याएवढा. असाच राहिला तर पहिल्या मोठ्या पाण्याबरोबर वरची माती, दगड सगळं खालच्या ओढ्यात जाणार. खाचर तर नाहीच, होती ती पट्टीही जाणार. आणि मग हिराबाई पुन्हा कुणाच्या तरी घरी, कुणाच्या तरी आजाऱ्याची कूस बदलायला. ती रडत नव्हती. ती एवढंच म्हणाली, "बाई, किसन म्हनतोय, सर बोलले ते खरंच हाय, मला तोटा न्हाई. बाई, सरांना म्हना, तुमी जे इचारलं ते परत घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला भाऊजी आले तेव्हा मी डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे सिद्ध झालं!" ते म्हणाले. "वहिनी, पाठ्यपुस्तकात घालावं असं उदाहरण आहे. ज्याचा नंबर आधी तो आधी निसटणार, ज्याचा शेवटी तो—" आणि मग माझ्याकडे पाहून थांबले. मी त्यांना एवढ्या वर्षांत पुष्कळ बोलले असेन, पण त्या दिवशी आवाज चढवला नाही. म्हटलं, "भाऊजी, उठा. चहा मिळणार नाही. तिचं खाचर पुरं होईपर्यंत माझ्या दारात येऊ नका." ते उठले, चप्पल घातली, उलटी घातली, पुन्हा सुलटी घातली आणि गेले. माझ्या हातातली 'बेसन'ची चिठ्ठी तांदळाच्या डब्यावर बसली होती. ती दोन दिवस तशीच होती, यावरून माझी अवस्था ओळखा.

आता भाऊजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या माझ्याकडे असतात. "लक्षात ठेवायचे कष्ट तुम्हाला आवडतात, मला आवडत नाहीत, दोघांचाही फायदा," ही त्यांची व्यवस्था. सात वारांचे सात कप्पे असलेली डबी मी रविवारी भरून ठेवते, ते रोज सकाळी येऊन त्या वाराचा कप्पा रिकामा करतात. मंगळवारी मी त्यांना हाकललं. बुधवारी सकाळी मंगळवारचा कप्पा भरलेला दिसला. गुरुवारी मंगळवार, बुधवार दोन्ही. मी मागच्या गल्लीत गेले तर घराला कुलूप. शेजारचे म्हणाले, "सर तं मंगळवारीच गेले, घोडेगावच्या गाडीनं. उभ्यानं गेले, गाडीत जागा नव्हती." उन्हाची बाजू पाहिली नाही, सीट पाहिली नाही. तेव्हा मात्र मला भीती वाटली. बहात्तर वर्षांचा माणूस, वैशाखाचं ऊन आणि पोटात गोळी नाही. मी डबी पर्समध्ये टाकली आणि निघाले.

थांब्यावरून वर चढायला मला पाऊण तास लागला. वर पोचले तर उतारावर भाऊजी. डोक्याला माझाच जुना टॉवेल बांधलेला, पँटचे पाय दुमडलेले, आणि हातात एक लहानसा दगड. त्यांना मोठे दगड उचलायला कोणी देत नव्हतं. बांधातल्या मोठ्या दगडांच्या फटींत ठोकायच्या चिपा गोळा करायचं काम, जे तिथे म्हातारी माणसं करतात, ते त्यांना दिलं होतं. आणि ते प्रत्येक चीप उलटीपालटी करून, डोळ्यांजवळ नेऊन तिची निवड करत होते. हिराबाईची सासू, ऐंशीच्या घरातली, शेजारीच बसून त्यांच्या चौपट वेगानं चिपा टाकत होती. ती म्हणाली, "आवो सर, दगुड हाय, नवरी न्हाई. टाका."

मी आधी गोळी दिली, मग पाणी दिलं आणि मग बोलायला तोंड उघडलं, तर हिराबाईनं मला बाजूला नेलं. झालं होतं ते असं. भाऊजी मंगळवारी आधी किसनला गाठायला बागायतीत गेले होते. तिथे टोमॅटोच्या क्रेटवर बसून त्यांनी त्याला तासभर समजावलं, की बाबा रे, मी मागे सांगितलं ते एकाच खेपेचं गणित होतं. पडकई दर वर्षी होते, तू आज निसटलास तर पुढच्या वर्षी तुला कोण घेईल, म्हणजे लांबच्या मुदतीत तुझाच तोटा. किसन म्हणाला, "सर, मागं तुमी येक सांगितलं, आता दुसरं सांगता. मला तोडनी उरकायची हाय." जन्मभर ज्या युक्तिवादावर जगले, तो असा टोमॅटोच्या क्रेटसारखा रिकामा परत आल्यावर भाऊजी सरळ वाडीत आले आणि सगळ्यांना म्हणाले, "किसनच्या जागी मला धरा."

"लई हसली मानसं," हिराबाई म्हणाली. "पन बाई, सर लई हळू असले तरी थांबत न्हाईत. सांजच्याला हात बघा त्यांचं." मी हात पाहिले. बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. म्हटलं, "भाऊजी, हे काय?" ते म्हणाले, "प्रत्यक्ष अनुभवाची माहिती. पुस्तकात मिळत नाही. यात माझाच फायदा आहे." तिथे आपटायला भांडंही नव्हतं.

किसन त्याच दिवशी दुपारी आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. तोडणीवर त्याच्या भावकीतल्या कुणीतरी सर्वांसमोर सांगितलं होतं, की तुझ्या जागेवर पुण्याचा म्हातारा मास्तर दगडं वाहतोय. तो खालून चढत आला, कोणाकडे न पाहता सरळ भाऊजींपाशी गेला आणि त्यांच्या मांडीवरची चिपांची पाटी उचलली. भाऊजींची मान लगेच तिरकी झाली. "किसन, आता तू परत आलास, यात तुला—"

"सर," किसननं पाटी खाली ठेवून खरोखरच हात जोडले. "पाया पडतो तुमच्या. आता काय इचारू नका."

आणि मुलांनो, भाऊजी गप्प बसले. मी घड्याळ पाहिलं नाही याचं मला वाईट वाटतं, कारण ही वेळ नोंदवून ठेवण्यासारखी होती.

दुसऱ्या दिवशी किसनला पाहून दुसरं घर आलं, तिसरंही आलं. मी चार दिवस हिराबाईकडे राहिले. मला माती वाहू देईनात, म्हणून मी तिच्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून दिले. मी निघाल्यावर तिनं ते पुन्हा पहिल्यासारखे केले असणार. पाचव्या दिवशी दुपारी बांधाचा शेवटचा दगड बसला. हिराबाई वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत एकदा चालत गेली, अनवाणी, सपाट मातीवरून, आणि परत आली. मग सगळ्यांना जेवायला वाढलं.

पंगत बसली तेव्हा भाऊजी उठून उभे राहिले. "मी मागे इथे एक प्रश्न विचारला होता," ते म्हणाले, "तो मी परत घेतो." कोणाला काही कळलं नाही. हिराबाई मात्र वाढता वाढता थांबली. सासू म्हणाली, "बरं. जेवा आता." भाऊजी बसले, एक घास घेतला, आणि अर्थातच दुसरा प्रश्न विचारला. "पुढच्या वर्षी नंबर कसे लावणार? किसनला शेवटी टाकणार ना?"

"किसन्याला?" म्हातारी म्हणाली. "त्याचं पयलं."

"पहिलं? अहो, तो पळाला होता!"

"म्हनून तं." तिनं भाताचा गोळा मळला. "त्याचा जीव घाबरा. ल्हानपनापासून तसाच. मागं ठेवलं तं रातध्याड इचार करीन, आपलं व्हतंय का न्हाई व्हतंय. पयलं करून टाकलं म्हंजी मोकळा." किसन खाली मान घालून जेवत होता; कान लाल झाले होते, पण तो हसत होता.

"आणि शेवटचा नंबर?"

"शेवटचा ज्याला लोकांचा भरवसा हाय त्याचा. औंदा हिराचा व्हता. कुनालाबी न्हाई देत आमी शेवटचा."

भाऊजींचा हात पानावर तसाच राहिला. त्यांनी हिराबाईकडे पाहिलं. तिला ते पहिल्या दिवशी काय बोलले होते, ते त्यांनाही आठवलं असावं आणि तिलाही. तिनं त्या दिवसासारखाच आणखी भात वाढला. त्या भाताला त्यांनी गुण दिले नाहीत. परतीच्या गाडीत घोडेगाव आलं तेव्हा म्हणाले, "वहिनी, यातही एक गणित आहे. मला अजून सापडलेलं नाही."

त्याला आता तीन वर्षं झाली. बांध टिकला. दर वर्षी सुगी झाली की हिराबाई दोन गाठोड्यांत तांदूळ आणते, एक माझं, एक त्यांचं. भाऊजी म्हणतात, "जुन्नरच्या बाजारात असा तांदूळ मिळत नाही, म्हणून मी दर उन्हाळ्यात तिकडे जातो." यंदा मात्र त्यांना जाता आलं नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय.

गेल्या आठवड्यात मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मी नेहमीप्रमाणे लवकर निघालेली, म्हणजे आमचा नंबर पहिला किंवा दुसरा यावा. खिडकीशी बसलेल्या मुलीनं नाव लिहिलं आणि म्हणाली, "बाबा, दुसरा नंबर." भाऊजी म्हणाले, "मला शेवटचा द्या." तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "अहो, शेवटचा दीड वाजता येईल!" "तोच द्या," ते म्हणाले. माझा पारा चढला. घरी डाळ भिजत घातली होती, दहाला गॅसवाला येणार होता. "भाऊजी, हा काय वेडेपणा? यात तुम्हाला काय मिळतं?" हा त्यांचाच प्रश्न माझ्या तोंडून निघाला, आणि निघाल्यावर मलाच ऐकू आला. ते भिंतीचा आधार घेत बाकाकडे गेले. म्हणाले, "शेवटी आत गेलं की डॉक्टरला मागच्याची घाई नसते. नीट तपासतो. सरळ फायदा आहे." त्यांचा दुसरा नंबर एका बाईला गेला. तिच्या मांडीवर डोळा सुजलेलं बाळ होतं. भाऊजींना ते दिसलं होतं की नाही, देव जाणे. रडणं मात्र ऐकू आलंच असणार.

मी शेजारी बसले, रागातच. मग सहज वर पाहिलं. त्यांच्या जबड्याखाली, ती अवघड जागा असते ना, तिथे पांढऱ्या खुंटांची एक पट्टी राहून गेली होती. गालावर दोन ठिकाणी वस्तरा लागल्याच्या रेघा होत्या. त्यांना आता आरशात दिसत नाही. तुमच्या आजोबांच्या हनुवटीवर चौदा महिन्यांत ज्या माणसानं एक केस मागे ठेवला नाही, त्याची स्वतःची दाढी अशी. मी पाहत राहिले, आणि मला मनातल्या मनात ठरवावं लागलं, की उद्या न्हाव्याला घरी बोलवायचं, आणि तो आपल्याच दुसऱ्या कामासाठी सहज आला होता असं यांना सांगायचं.

एकेक नंबर जात होता. भाऊजींनी डोळे मिटले होते, हात गुडघ्यांवर. मला सहज घरी जाऊन परत येता आलं असतं. डाळ झाली असती, गॅसवाला गाठला असता. मी उठले नाही. भाऊजींनी विचारलं असतं, तर मी सांगणार होते, की या बाकावर पंख्याचा वारा चांगला येतो. उत्तर तयार ठेवलं होतं.

त्यांनी विचारलं नाही.